‘गावाची ओळख’ या प्रकरणात गाव कुठे असतं?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन पीएचडीचे दहा प्रबंध उघडा. विषय काहीही असू द्या: मातीतले सूक्ष्मजीव, पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड, बचत गट, ऊसाचं ठिबक सिंचन. अभ्यास गावपातळीवर असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात ‘अभ्यासक्षेत्राची ओळख’ येतेच. आधी अक्षांश-रेखांश, मग पर्जन्यमान, मग मातीचा प्रकार, आणि त्यानंतर ‘लोकसंख्या व सामाजिक रचना’ नावाचा एक परिच्छेद. आज या एका परिच्छेदाबद्दल लिहायचं आहे. कारण तो कुणी नीट वाचत नाही, गाईड वाचत नाहीत, परीक्षक वाचत नाहीत, आणि लिहिणाराही बहुतेक वेळा न वाचताच चिकटवतो.

मी इथे एक नमुना स्वतः रचून देतो. गाव काल्पनिक, आकडे काल्पनिक, पण भाषा ओळखीची वाटेल:

“सदर गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १,२४८ असून त्यात ६४६ पुरुष व ६०२ स्त्रिया आहेत. लिंग गुणोत्तर ९३२ असून ते राज्याच्या सरासरीपेक्षा (९२९) जास्त आहे. ० ते ६ वयोगटात १५० बालके (८० मुले, ७० मुली) असून बाल लिंग गुणोत्तर ८७५ आहे, जे राज्याच्या सरासरीपेक्षा (८९४) कमी आहे. साक्षरतेचे प्रमाण ६५.७ टक्के आहे. गावात ४२८ निरक्षर आहेत. अनुसूचित जाती १४ टक्के, अनुसूचित जमाती ३ टक्के व उर्वरित लोकसंख्या इतर समाजाची आहे. गावात सर्व जातिधर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात.”

राज्याचे आकडे (९२९ आणि ८९४) खरे आहेत, बाकी माझे. आता हा परिच्छेद वाक्यावाक्याने सोलून बघू. प्रत्येक वाक्यात काहीतरी गडबड आहे, आणि गंमत म्हणजे जनगणनेचा तक्ता यातल्या बहुतेक गडबडींना जबाबदार नाही. तक्ता काय मोजतो ते स्वच्छ सांगून ठेवलेलं असतं. आपण व्याख्येचं पान उलटत नाही.

सगळ्यात सोपी चूक आधी काढून टाकू. साक्षरतेचा दर काढताना भाजक एकूण लोकसंख्या नसते, ७ वर्षं आणि त्यावरील लोकसंख्या असते. वरच्या गावात साक्षर ८२० आहेत. ८२० भागिले १,२४८ केलं की ६५.७ येतं. पण १५० बालकं वजा करून १,०९८ ने भागलं की ७४.७ टक्के येतं. एका भाजकामुळे गाव नऊ टक्क्यांनी मागासलं. आणि ‘४२८ निरक्षर’ हा आकडा तर आणखी मजेशीर आहे. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात निरक्षर या रकान्यात सात वर्षांखालची सगळी मुलं धरलेली असतात. म्हणजे पाळण्यातलं बाळसुद्धा निरक्षर. खरे मोजण्याजोगे निरक्षर २७८. अशा आकड्यांवर ‘गावात प्रौढ शिक्षणाची नितांत गरज आहे’ असे निष्कर्ष निघालेले मी वाचले आहेत.

आता लिंग गुणोत्तर. माझा पिंड संख्याशास्त्राचा, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

८७५ हे ८९४ पेक्षा कमी आहे, हे अंकगणित म्हणून बरोबर. पण आपण ते लिहितो तेव्हा वाचकाला सुचवतो की या गावात मुली नकोशा आहेत, राज्यापेक्षा जरा जास्तच. तसं म्हणता येतं का? समजा या गावात कुणीही काहीही गैर करत नाही आणि जन्म निसर्गाच्या हिशोबाने होतात, म्हणजे १००० मुलांमागे ९५० च्या आसपास मुली. मग १५० बालकांत सरासरी ७३ मुली असायला हव्यात. आहेत ७०. फरक तीन मुलींचा. नाणेफेकीच्या गणिताने प्रमाण विचलन सुमारे ६ येतं, म्हणजे दोन विचलनांच्या आत ६१ ते ८५ मुली कुठेही असू शकतात. याचं गुणोत्तर काढा: ६८५ ते १३०८. म्हणजे अगदी निर्मळ गावातही निव्वळ योगायोगाने बाल लिंग गुणोत्तर ६८५ ही येऊ शकतं आणि १३०८ ही. ८७५ आणि ९५० यांतला फरक ठामपणे बोलण्याइतका स्पष्ट दिसायला साधारण २,४०० मुलं लागतात. म्हणजे अशी सोळा गावं.

यावर एक हरकत हमखास येते, प्री-पीएचडीच्या तासालाही येते: “जनगणना म्हणजे सॅम्पल नाही, सगळ्यांची मोजणी आहे, मग त्यात सॅम्पलिंग एरर कशी?” हरकत अर्धी बरोबर आहे. ७० मुली आहेत या विधानात चूक नाही, त्या मोजलेल्याच आहेत. पण तुम्ही ७० वर थांबत नाही. तुम्ही त्या ७० वरून गावाच्या वागणुकीबद्दल बोलता. वागणूक मोजलेली नाही, मुली मोजल्या आहेत. एकीवरून दुसरीकडे उडी मारली की योगायोगाचा हिशोब द्यावाच लागतो. तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा आकडा घ्या, मग बोला. बीड जिल्ह्याचं २०११ चं बाल लिंग गुणोत्तर ८०७ होतं. लाखो मुलांवरचा हा आकडा योगायोगाने येत नाही, तिथे प्रश्न विचारायलाच हवा. तेच विधान १५० मुलांच्या गावाबद्दल करणं म्हणजे गावावर विनापुरावा आरोप आहे. गाव प्रबंधात नावानिशी छापलं जातं हे विसरू नका.

एकूण लिंग गुणोत्तराची अडचण वेगळीच आहे. रत्नागिरी जिल्ह्याचं २०११ चं गुणोत्तर ११२२, सिंधुदुर्गाचं १०३६. हे बघून ‘कोकणात स्त्रियांचा दर्जा उंच’ असं लिहिणारे आहेत. कोकणातला कुठलाही माणूस हसेल. हे आकडे मुंबईचे आहेत. गिरण्यांच्या काळापासून पुरुष कामाला मुंबईला, बायका शेत आणि म्हातारी माणसं सांभाळायला गावी. गणपतीत आणि शिमग्याला जो गाव दिसतो तो मार्चच्या पहिल्या तारखेला नसतो. गुणोत्तर स्थलांतर मोजतंय आणि आपण त्यातून प्रतिष्ठा वाचतोय.

इथेच मला या परिच्छेदावरची सगळ्यात गंभीर तक्रार सापडते. ‘गावाची लोकसंख्या’ हा शब्दप्रयोगच आपण तपासत नाही.

२०११ ची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि १ मार्चचा शून्य तास हा संदर्भ-क्षण धरला गेला. नियम साधारण असा: त्या वीस दिवसांत माणूस जिथे राहतो तिथे त्याची नोंद. थोडे दिवस बाहेर गेला आणि गणना संपायच्या आत परत येणार असेल तर घरी नोंद. पण तो संपूर्ण काळ बाहेरच असेल तर जिथे आहे तिथे. आता बीडचा, पाथर्डीचा ऊसतोड कामगार डोळ्यासमोर आणा. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. कारखाना बंद व्हायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे गणनेचे वीसच्या वीस दिवस तो सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटकात, फडात किंवा कारखान्याच्या तळावर कोपीत. नियमानुसार त्याची नोंद तिथल्या गावात व्हायला हवी. प्रत्यक्षात कुठे झाली, घरी राहिलेल्या म्हाताऱ्याने प्रगणकाला काय सांगितलं, हे त्या त्या गावात विचारल्याशिवाय कळत नाही.

नियम तंतोतंत पाळला गेला असं धरलं तरी परिणाम बघा. पाठवणाऱ्या गावाची लोकसंख्या कमी दिसते, आणि कोण कमी दिसतं? कोयत्यावर जाणारं कुटुंब. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो, माणसाला नाही. जोडीने जातात म्हणून कोकणासारखं लिंग गुणोत्तरही बिघडत नाही. तक्त्यात काहीच खटकत नाही. फक्त कामाच्या वयाची माणसं विरळ झालेली असतात, आणि वयोगटाची फोड गावपातळीच्या गोषवाऱ्यात (० ते ६ सोडून) नसते, त्यामुळे तेही लपतं. उलट कारखान्याजवळच्या गावात ही माणसं ‘गावाची लोकसंख्या’ म्हणून मिळतात, आणि कुणीतरी तिथला विद्यार्थी दहा वर्षांची लोकसंख्यावाढ बघून गाव समृद्ध होतंय असं लिहितो.

तुमचा विषय जर माता-बालआरोग्य, शाळागळती, मनरेगा, अगदी भूजलाचा वापर असेल, तर ही गोष्ट तळटीपेत टाकून चालणार नाही. फेब्रुवारीचं गाव आणि जूनचं गाव ही दोन वेगळी गावं आहेत. सॅम्पल कुठल्या महिन्यात घेतलं हे न लिहिता दरडोई पाणीवापर काढणारा प्रबंध मी एका चर्चासत्रात ऐकला. भाजकात २०११ ची लोकसंख्या, अंशात मे महिन्यातलं टँकरचं पाणी. कुणीही प्रश्न विचारला नाही. (मी विचारला. उत्तर आलं: “अधिकृत आकडा आहे.”)

हे ‘अधिकृत’ प्रकरणही जरा बघायला हवं. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. त्याला गावठाण असतं, वाड्या असतात, कुठे तांडा, कुठे पाडा, हमरस्त्याला लागून नवी वस्ती. तक्त्यात सगळं एका ओळीत. कधी ग्रामपंचायत एकाच महसुली गावाची असते, कधी तीन-चार गावांची मिळून गट ग्रामपंचायत. काही महसुली गावं तर बेचिराख असतात: नकाशात हद्द आहे, गट नंबर आहेत, लोकसंख्या शून्य. देशात जनगणनेने २०११ ला मोजलेली गावं ६ लाख ४० हजारांच्या घरात आहेत, पण त्यातली चाळीसेक हजार अशी माणूस नसलेली. यादीतून डोळे झाकून गावं निवडणाऱ्याने ही एवढी गोष्ट तरी माहीत करून घ्यावी.

आता ‘सामाजिक रचना’. अनुसूचित जाती १४, अनुसूचित जमाती ३, उर्वरित ८३. यातला ८३ टक्क्यांचा ढीग ही रचना नव्हे, ती न मोजलेली जागा आहे. १९३१ नंतर सगळ्या जातींचे आकडे जनगणनेत छापलेच गेले नाहीत. स्वातंत्र्यानंतर फक्त या दोन अनुसूचींची मोजणी होते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत जात विचारली गेली, पण ते जातीचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. त्यामुळे गावात जमीन कुणाची, सोसायटीवर कोण, सरपंचपद खुलं असतं तेव्हा कुणाकडे जातं, हे सगळं त्या ८३ मध्ये गाडलेलं आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडच्या गावात राहून ‘प्रबळ जात’ ही कल्पना मांडली, ती संख्या, जमीन, शिक्षण, राजकीय वजन अशा गोष्टी एकत्र बघून. यातली संख्यासुद्धा आपल्या परिच्छेदात नाही.

आणि ज्या दोन रकान्यांवर आपण विसंबतो, त्यांचाही इतिहास आहे. महाराष्ट्रातलं अनुसूचित जातींचं प्रमाण १९८१ ला सुमारे ७ टक्के होतं आणि १९९१ ला सुमारे ११. दहा वर्षांत एवढी वाढ? नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झालं आणि ज्यांनी धर्म ‘बौद्ध’ सांगितला ते पुढच्या जनगणनांत अनुसूचित जातीच्या रकान्यातून बाहेर गेले, कारण त्या वेळच्या आदेशानुसार त्या रकान्यात फक्त हिंदू आणि शीख बसत. १९९० साली कायदा बदलून बौद्ध समाविष्ट झाले. लोक तिथेच होते, त्याच वस्तीत, त्याच विहिरीच्या भांडणात. रकाना सरकला. अनुसूचित जमातींचंही तसंच: १९७१ ला सुमारे ५.९ टक्के, १९८१ ला ९.२. मधे १९७६ चा कायदा झाला, जमातींच्या यादीवरचं क्षेत्राचं बंधन उठलं. आजही मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबाची नोंद अनुसूचित जातीत होत नाही, मग गावातलं त्यांचं स्थान काहीही असो. तुम्ही १९६१ ते २०११ असा गावाचा आलेख काढणार असाल, ‘अनुसूचित जातींचे वाढते प्रमाण’ अशा शीर्षकाखाली, तर आधी हे वाचा. आलेखात जी उडी दिसेल ती संसदेत झालेली आहे.

‘गुण्यागोविंदाने राहतात’ याबद्दल काय बोलावं! मातीच्या पीएचबद्दल तीन वेळा मोजमाप घेऊन सरासरी लिहिणारा विद्यार्थी हे वाक्य एकाही मोजमापाशिवाय लिहितो. याला पुरावा काय? बहुधा सरपंचाच्या ओसरीवर घेतलेला चहा. आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांमध्ये आणखी एक खोड आहे: परिच्छेद फार कोरडा वाटला की त्यात बारा बलुतेदारांची यादी आणून टाकायची. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ चं आहे. त्यांनी त्यांच्या काळचं गाव बारकाईने बघितलं, म्हणून ते आजही वाचावं. पण १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली त्यालासुद्धा आता सहा दशकं उलटून गेली. आजच्या गावात सुतार फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये आहे, कुंभाराचा मुलगा वीटभट्टीवर किंवा बँकेत. १९१५ ची यादी आणि २०११ चा तक्ता एकाखाली एक लावले की मधली शंभर वर्षं गायब होतात.

मग चांगलं वर्णन कसं दिसतं? नमुना जुना आहे, आणि आपल्यासारख्यांसाठी विशेष म्हणजे तो एका रसायनशास्त्रज्ञाने केलेला आहे.

हॅरल्ड मान पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्याआधी चहाच्या मळ्यांसाठी वैज्ञानिक म्हणून काम केलेलं. पुण्यात आल्यावर त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला आणि १९१७ साली ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे पुस्तक आलं. (हो, तेच पिंपळे सौदागर. आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत, आयटीवाल्यांच्या सोसायट्यांनी भरलेलं.) या पुस्तकाचं नाव अर्थशास्त्राच्या पुस्तकांत येतं, पण आपल्याकडे ते फक्त एका वाक्यासाठी उद्धृत होतं: सरासरी धारणा १७७१ ला ४० एकर होती, १८१८ ला साडेसतरा, १९१४-१५ ला ७. तेवढंच घेतलं तर तोही एक तक्ताच होतो.

मला त्यात आवडतं ते पुढचं. मान सरासरीवर थांबले नाहीत. १५६ जमीनधारक, त्यांचे ७२९ तुकडे, त्यातले ४६३ एका एकरापेक्षा लहान, ११२ पाव एकरापेक्षाही लहान. म्हणजे ‘७ एकर’ हा एक सलग वावर नाही, चार-पाच ठिकाणी विखुरलेले तुकडे आहेत, हे लगेच दिसतं. मग त्यांनी १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला. फक्त शेतीवर नीट भागतं अशी ८ कुटुंबं. शेतीला बाहेरची मजुरी जोडून भागतं अशी २८. उरलेली ६७ काहीही करून तोट्यात. या एका वर्गवारीत गावाची रचना उभी राहते. लोकसंख्या, जमीन, आणि गावाबाहेरचा रोजगार या तीन गोष्टी एकमेकांत कशा अडकल्या आहेत ते कळतं. ‘मुख्य कामगार, सीमांतिक कामगार’ या आपल्या रकान्यांतून ते कळणार नाही, कारण तिथे वर्षातून सहा महिने काम केलं की माणूस मुख्य कामगार, मग त्याच्या पोटाला पुरो न पुरो.

दुसरी गोष्ट, त्यांना स्वतःच्या नमुन्याचा संशय होता. पिंपळे सौदागर पुण्या-खडकीला लागून, तिथे बाहेरचं काम मिळणं सोपं. म्हणून पुढे कानिटकरांबरोबर त्यांनी जातेगाव बुद्रुक हे शहरापासून दूर, कोरडवाहू पट्ट्यातलं गाव घेतलं आणि १९२१ ला तो अभ्यास आला. पहिल्या गावात तोट्यातली कुटुंबं ६५ टक्के, दुसऱ्यात ८५. एका गावावरून ‘दख्खनचं गाव’ असं शीर्षक देणाऱ्याने चार वर्षांत स्वतःच दुसरं गाव पुढे ठेवलं. आपण मात्र प्रबंधाच्या शेवटी ‘सदर निष्कर्ष राज्यातील ग्रामीण भागास लागू करता येतील’ असं लिहून मोकळे होतो.

म्हणून मान यांना डोक्यावर घ्यायचं असंही नाही. ४०, साडेसतरा, ७ या मालिकेत भाजक जमीनधारकांचा आहे. ज्याच्याकडे जमीन नाही तो माणूस ४० एकराच्या जमान्यातही भाजकाबाहेर आणि ७ एकराच्या जमान्यातही. त्यामुळे ‘पूर्वी गावाकडे भरपूर होतं’ हे चित्र ज्याच्याकडे होतं त्याचं चित्र आहे. आणि शेत लहान म्हणून गाव गरीब, या मांडणीवर पुस्तक आल्याच्या पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांचा लहान शेतजमिनींवरचा निबंध आला. धारणेचा आकार ही मूळ व्याधी नाही, शेतीवर टेकलेली जादा माणसं आणि उद्योगांचा अभाव ही व्याधी, असा त्यांचा युक्तिवाद. मान यांचे आकडे घेऊन हा निबंध वाचा. ‘८ आणि २८’ यांतला फरक गावाच्या शिवारात नाही, शिवाराबाहेर आहे, हे मान यांच्या तक्त्यातच दिसत होतं.

आता काही जण म्हणतील, दादा, आमचा विषय मायक्रोबायोलॉजी. आम्ही काय गावात दोन वर्षं राहायचं का? नको. पण मग जे विचारत नाही त्याबद्दल लिहू नका. पाण्याचे नमुने दहा विहिरींतून घेतले, तर त्या विहिरींवर कोण पाणी भरतं एवढं तरी लिहा. गावठाणातल्या विहिरी घेतल्या आणि वस्तीवरचा हातपंप सुटला, तर ‘गावाच्या पाण्याची गुणवत्ता’ हे शीर्षकच चुकलं. हा समाजशास्त्राचा मुद्दा नाही, सॅम्पलिंगचा आहे.

आणि माहिती गावातच पडलेली असते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, त्यात घर कुठल्या भागात, कच्चं की पक्कं, कळतं. अंगणवाडीताईंकडे कुटुंब सर्वेक्षणाची नोंदवही असते, कोण कारखान्याला गेलंय ते त्यांना तोंडपाठ असतं. आशाताईंना गरोदर बाई माहेरी आहे की कोपीवर, हे माहीत असतं. कुटुंब म्हणजे काय, हेही आधी ठरवा. जनगणना एका चुलीवर जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरते. रेशनकार्ड वेगळं, चूल एकच. किंवा सातबारा एकच, चुली तीन, असे प्रकार सर्रास असतात. तुमचं ‘१०० कुटुंबांचं सर्वेक्षण’ नेमकं कशाचं, ते एका ओळीत लिहिलं तरी परीक्षकाची पंचाईत होईल इतकी ती ओळ दुर्मिळ आहे. मात्र या नोंदवह्यांतली नावं, आजार, जात हे सगळं फोटो काढून एक्सेलमध्ये ओतायचं नाही. परवानगी घ्या, नावं काढून टाका, लहान वस्तीत तर वय आणि जात एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

जात विचारायची कशी, हा प्रश्न बरेच जण मेलवर विचारतात. पहिल्याच भेटीत फॉर्म काढून विचारू नका. वस्त्यांची नावं आधी समजून घ्या, तीही बदलत असतात: डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. कागदावर आता कुठे समतानगर, कुठे क्रांतीनगर. गावातलं बोलणं किती बदललं ते कान उघडे ठेवले की कळतं, आणि नकाशावर कुठलं नाव घालायचं हे त्या वस्तीतल्या लोकांना विचारून ठरवा, गावठाणातल्या लोकांना नाही.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ-क्षण जाहीर झाला आहे आणि त्यात सगळ्या जातींची नोंद होणार आहे. म्हणजे ‘उर्वरित ८३ टक्के’ कदाचित फुटतील, गावपातळीवर किती तपशील छापतात त्यावर ते अवलंबून. पण तारीख पुन्हा ऊसाच्या हंगामातलीच आहे. ज्यांचं फील्डवर्क २०२७ मध्ये येतंय आणि गाव बीड, जालना, परभणीकडचं आहे, त्यांनी त्या फेब्रुवारीत एकदा गावात जाऊन किती घरांना कुलूप आहे तेवढं मोजून ठेवा. घरयादीचा नकाशा नमुना ८ वरून कसा काढायचा ते पुढच्या पोस्टमध्ये, एक्सेल फाइलसकट.